व्हर्जिनिया सिटी, १८७५ : जळण्याआधीच्या गावाचं विहंगम चित्र कसं वाचावं

ऑगस्टस कॉख याने काढलेलं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रिटन, रे अँड कंपनीने शिळाछापावर छापलेलं अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या व्हर्जिनिया सिटीचं विहंगम दृश्य जुन्या नकाशांच्या अभ्यासकांना चांगलं ओळखीचं आहे. त्यावर साल आहे १८७५. दुसऱ्या एखाद्या गावाच्या चित्राला एवढी नोंद पुरली असती. इथे पुरत नाही, कारण २६ ऑक्टोबर १८७५ च्या पहाटे या गावात आग लागली आणि त्या एका दिवसात गावाचा मधला भाग राख झाला. त्याच सालाखाली दोन वेगवेगळी गावं आहेत, एक आगीआधीचं आणि एक आगीनंतरचं. चित्रात दिसतं ते कोणतं, हा या प्रकरणातला पहिला प्रश्न. चित्रातल्या रस्त्यांवर आणि अंतरांवर कितपत विसंबायचं, हा दुसरा. आणि हातात आलेली प्रत खरोखर त्या काळची आहे की नंतरच्या पुनर्मुद्रणातली, हा तिसरा. तिन्हींची उत्तरं बव्हंशी चित्राकडे नीट पाहूनच मिळतात.

गाव कसं वसलं होतं

माउंट डेव्हिडसन हा सुमारे ७,८६० फूट उंचीचा डोंगर आणि त्याच्या पूर्व उतारावर, सुमारे ६,२०० फुटांवर हे गाव. आपल्या कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांचं, म्हणजे हे गाव त्याच्याही वर आठशे फूट बसलेलं आहे. १८५९ मध्ये इथे आलेले लोक सोनं शोधत होते. वाळू धुताना चाळणीत सारखा निळसर काळा जड चिखल अडकायचा आणि ते वैतागून तो फेकून द्यायचे. कोणीतरी तो कॅलिफोर्नियात कस लावायला पाठवला तेव्हा कळलं, की सोन्यापेक्षा चांदीच कितीतरी जास्त आहे. हीच कॉमस्टॉकची शीर, म्हणजे खडकातला चांदी-सोन्याचा पट्टा. ती उत्तर-दक्षिण धावते आणि जमिनीखाली पूर्वेकडे कलत जाते.

हा कल लक्षात ठेवला तर चित्र निम्मं वाचून होतं. शिरेचं तोंड वरच्या उतारावर उघडं होतं, म्हणून पहिल्या खाणी वर निघाल्या. पण खोल जावं तशी शीर पूर्वेला सरकते, त्यामुळे प्रत्येक पुढच्या टप्प्याला खाणीत उतरायच्या विहिरी उताराच्या खालच्या बाजूला खोदाव्या लागल्या. उत्तरेकडून दक्षिणेकडे ओफिर, कॅलिफोर्निया, कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया, बेस्ट अँड बेल्चर, गूल्ड अँड करी, सॅव्हेज, हेल अँड नॉरक्रॉस, चोलर अशी खाणींची माळ लागते. विहंगम चित्रात धुराड्यांची जी रांग गावाच्या अंगावरून आडवी जाते, ती म्हणजे जमिनीखालच्या शिरेची वर उमटलेली रेघ. चित्रकाराला भूगर्भ काढायचा नव्हता, पण खाणीच तशा ओळीने असल्यामुळे तो आपोआप उतरला.

रस्ते डोंगराला समांतर, पायऱ्यांसारखे. वरच्या अंगाला ए स्ट्रीट, मग बी, सी, डी, ई अशा खाली उतरत जाणाऱ्या ओळी. बाजारपेठ सी स्ट्रीटवर. या ओळींना छेदून उतारावरून खाली जाणारे सटन, युनियन, टेलर, वॉशिंग्टन हे रस्ते. अगदी खाली, पूर्वेच्या टोकाला चिनी वस्ती. अशा गावाचं चित्र काढायचं तर पूर्वेकडे हवेत उभं राहून पश्चिमेला पाहावं लागतं. मग गाव प्रेक्षागारातल्या बैठकांसारखं चढत जातं आणि मागे डोंगर उभा राहतो. पश्चिमेकडून पाहिलं असतं तर नुसती छपरं आणि घरांच्या पाठी दिसल्या असत्या. या कोनातून चिनी वस्ती प्रेक्षकाच्या सर्वात जवळ येते. या जातीच्या चित्रांत चर्च, शाळा, हॉटेलं, गिरण्या यांना आकडे देऊन खाली यादी छापायची पद्धत होती. वर्गणीदारांच्या दुकानांवर हात जरा जास्त फिरायचा. गरिबांची घरं बहुधा एकाच ठशाची, दोन खिडक्यांची. म्हणून अशा वस्तीतली छपरं मोजून लोकसंख्येचा अंदाज बांधू नये.

चित्र बनायचं कसं

विमान नव्हतं, आणि ही चित्रं फुग्यातून काढली असावीत असा जो समज आहे तोही चुकीचा. चित्रकार गावात यायचा, भूखंडांचा नकाशा मिळवायचा आणि त्यावरून कागदावर तिरका, मागे निमुळता होत जाणारा जाळीचा आराखडा आखायचा. मग पायी हिंडून गल्लीगल्लीतल्या प्रत्येक इमारतीचा दर्शनी भाग टिपून घ्यायचा : किती मजले, किती खिडक्या, छप्पर उतरतं की सपाट, माथ्यावर मनोरा आहे का. ही टिपणं जाळीतल्या आपापल्या घरात बसवली की गाव तयार. याच काळात गावकऱ्यांकडून वर्गणी गोळा व्हायची. पुरेशी नावं आली की मगच काम छपाईला जायचं.

कॉखच्या हाताला याची सवय होती. १८७० मध्ये सॅक्रामेंटो आणि सॉल्ट लेक सिटी, १८७३ मध्ये टेक्सासमधली ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो ही गावं त्याने याच रीतीने काढली. व्हर्जिनिया सिटीही चित्रकारांना नवी नव्हती. ग्राफ्टन टायलर ब्राउन या कृष्णवर्णीय शिळाछाप चित्रकाराने १८६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे गाव काढलं होतं, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःचा छापखाना चालवला. पश्चिम अमेरिकेतल्या छपाईच्या इतिहासात त्याचं नाव फार आदराने घ्यायला हवं. ब्राउनचं आणि कॉखचं चित्र शेजारी ठेवलं की दहा-पंधरा वर्षांत तंबू-लाकडाच्या वस्तीचं शहर कसं झालं ते डोळ्यांसमोर येतं.

शिळाछाप म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापलं ते याच तंत्राने. चुनखडीच्या घोटलेल्या दगडावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, आणि तेलकट शाई फक्त खडूच्या रेघांना धरते. उलटं हा शब्द इथे महत्त्वाचा. डावं-उजवं मनात पालटून हजारभर घरं दगडावर उतरवणारा कारागीर चित्रकाराहून वेगळा असायचा, आणि तो गावी कधी आलेला नसायचा. खिडक्यांचे आकडे चुकणं, एखादं उतरतं छप्पर भलत्या दिशेला उतरणं, यादीतला आकडा शेजारच्या इमारतीवर पडणं, या चुका बहुतेक त्या पायरीवर होतात. म्हणून एका इमारतीचा तपशील जुळला नाही म्हणून अख्खं चित्र खोटं ठरवू नये.

आगीच्या अलीकडचं की पलीकडचं

तारीख ठरवताना असलेल्या इमारतींइतकाच नसलेल्या इमारतींचा उपयोग होतो. दोन्ही बाजूंनी कुंपण घालत यायचं.

आधी मागची बाजू. व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वे जानेवारी १८७० मध्ये गावात पोचली. चित्रात रूळ आणि गाडी आहे म्हणजे चित्र त्यानंतरचं. कन्सॉलिडेटेड व्हर्जिनियात मोठं घबाड लागलं ते १८७३ मध्ये, आणि त्यानंतरच तिथल्या यंत्रशाळा ऐसपैस झाल्या. त्यामुळे उत्तरेकडच्या भागात त्या मोठ्या शेडा दिसत असतील तर मागची हद्द १८७३ च्या पुढे सरकते.

आता पुढची बाजू, जिथे सगळा निकाल लागतो. आज व्हर्जिनिया सिटीला गेलं की डोळ्यांत भरतात त्या इमारती बहुतेक आगीनंतरच्या. दक्षिण टोकाची चार मजली फोर्थ वॉर्ड शाळा १८७६ ची. बी स्ट्रीटवरचं स्टोरी काउंटीचं न्यायालय १८७६-७७ चं. इंटरनॅशनल हॉटेलची सहा मजली वास्तू १८७७ ची, ती १९१४ मध्ये जळाली. यांपैकी एकही वास्तू चित्रात दिसली, तर ते चित्र १८७५ चं असू शकत नाही, मग खाली काहीही छापलेलं असो. फोर्थ वॉर्ड शाळा यासाठी सर्वात सोयीची, कारण ती एकटी उभी आहे, आकाराने मोठी आहे आणि तिच्या जागी आधी तशी काही वास्तू नव्हती. शोधायला दहा मिनिटं लागतात.

सेंट मेरीज इन द माउंटन्स हे चर्च मात्र या कामी टाळावं. आधीचं चर्च आगीत गेलं आणि आजचं १८७६-७७ मध्ये त्याच परिसरात उभं राहिलं. चर्च दिसलं एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मनोऱ्याची घडण जुन्या छायाचित्राशी ताडून पाहावी लागते, आणि बोटाच्या पेराएवढ्या चित्रावरून तो निवाडा करणं धोक्याचं.

सर्वात फसवी जागा म्हणजे नाट्यगृह. आजचं पायपर्स ऑपेरा हाउस बी स्ट्रीटवर आहे, म्हणून अनेक जण चित्रात बी स्ट्रीटवर ते शोधतात आणि सापडत नाही म्हणून गोंधळतात. १८७५ मध्ये ते डी स्ट्रीटवर होतं. १८६३ मध्ये मॅग्वायर यांचं म्हणून सुरू झालेलं नाट्यगृह जॉन पायपर यांनी १८६७ मध्ये घेतलं, ते आगीत गेलं, १८७८ मध्ये बी स्ट्रीटवर नवं बांधलं, तेही १८८३ मध्ये जळालं, आणि आज उभं आहे ते १८८५ चं. म्हणजे नाव तेच, वास्तू तिसरी, आणि रस्ता दोन पायऱ्या वरचा.

कॉखच्या चित्रात गावाचा मध्यभाग भरलेला आहे आणि शाळा, न्यायालय, सहा मजली हॉटेल या तिन्ही वास्तू त्यात नाहीत. आग ए स्ट्रीटवरच्या एका लॉजिंगमधून सुटली. पश्चिमेकडून डोंगरावरून खाली येणाऱ्या जोराच्या वाऱ्याने ती बी, सी, डी अशी पायरी पायरीने खाली नेली. वारा आणि उतार दोन्ही एकाच दिशेचे. १८७३ पासून सिएरा पर्वतातून लोखंडी नळाने गावाला पाणी येत होतं, तरी सुक्या लाकडाच्या घरांपुढे आणि त्या वाऱ्यापुढे ते पुरं पडलं नाही. ओफिर आणि कन्सॉलिडेटेड व्हर्जिनियाच्या यंत्रशाळाही जळाल्या. त्या दिवसानंतर वर्ष संपेपर्यंतच्या दोन महिन्यांत भरलेल्या मध्यभागाचं चित्र प्रत्यक्ष पाहून काढणं कोणालाही शक्य नव्हतं.

तेव्हा निष्कर्ष असा की चित्रण आगीपूर्वीचं आहे. पण छपाई आगीपूर्वीचीच, असं म्हणायला हे पुरेसं नाही. दगडावरचं चित्र तयार असताना आग लागली, आणि प्रती नंतर विकल्या गेल्या, असं कोणत्याही गावाच्या बाबतीत होऊ शकतं. नोंदीत या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. विक्रेत्यांच्या वर्णनांत त्या सर्रास एक केल्या जातात.

ताडून पाहायला हाताशी ठेवावीत ती छायाचित्रं दोघांची. टिमथी ओ'सलिव्हन याने १८६७ च्या सुमारास क्लॅरेन्स किंगच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाबरोबर कॉमस्टॉकची छायाचित्रं काढली; खाणीच्या पोटात मॅग्नेशियम पेटवून काढलेली त्याची छायाचित्रं प्रसिद्धच आहेत. कार्लटन वॉटकिन्स याने १८७६ मध्ये पुन्हा उभं राहणारं गाव टिपलं. कॉखचं चित्र या दोघांच्या मधल्या खिंडीत बसतं.

मोजमापाची कसोटी

या चित्राला मापाचं प्रमाण (स्केल) नाही. तरी त्यातून मोजता येतं, फक्त कोणत्या दिशेने मोजायचं हे कळलं पाहिजे. प्रेक्षक पूर्वेला असल्यामुळे ए, बी, सी हे उत्तर-दक्षिण रस्ते त्याच्या नजरेला आडवे पडतात. एकाच रस्त्यावर डावीकडून उजवीकडे जाताना प्रमाण फारसं बदलत नाही. सी स्ट्रीटवर युनियन ते टेलर आणि टेलर ते वॉशिंग्टन ही दोन अंतरं चित्रात मोजून त्यांचं गुणोत्तर काढावं, आणि तेच गुणोत्तर भूखंडांच्या नकाशावर काढून ताडावं. इथे चित्रं बऱ्यापैकी खरी उतरतात, कारण चित्रकाराची जाळी नकाशावरूनच आखलेली असते.

पूर्व-पश्चिम अंतराचं मात्र वेगळं. लांबचं लहान दिसतं या नियमाने मागचे रस्ते एकमेकांना चिकटायला हवेत, पण तसं केलं तर मागच्या ओळीतली दुकानं पुढच्या छपरांआड लपतील आणि वर्गणीदार रुसतील. म्हणून चित्रकार रस्ते रुंद करतो, उतार जरा जास्त उभा करतो आणि डोंगर पुढे ओढतो. व्हर्जिनिया सिटी मुळातच उतारावर असल्यामुळे इथे ही ओढाताण सपाट गावाच्या चित्रांपेक्षा कमी लागते, पण लागतेच. या दिशेने फुटांत अंतर काढू नये. रस्त्यांचा क्रम आणि कोणती इमारत रस्त्याच्या कोणत्या हाताला, एवढंच घ्यावं.

संगणकावर चित्र आजच्या नकाशावर बसवायचं असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातली मोठी टिफ फाइल उतरवून घ्यावी. ती विनामूल्य मिळते. लहान जेपेगवर काम करू नये; खिडक्या आणि आकडे त्यात विरघळून जातात. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत चित्र नकाशावर बसवणारं जिओरेफरन्सर हे साधन आहे; त्यात आधी प्रोजेक्टिव्ह रूपांतर लावावं. त्याला चित्र आणि नकाशा दोन्हींवर ओळखू येणारे किमान चार बिंदू लागतात, प्रत्यक्षात दहा-बारा घ्यावेत. हे रूपांतर जमीन एका पातळीत आहे असं धरून चालतं. गावाचा मधला भाग तिरक्या पाटासारखा असल्यामुळे तिथे ते बरं बसतं, पण सिक्स माइल कॅन्यनच्या बाजूला जमीन पडते तिथे चूक झपाट्याने वाढते.

मग मोह होतो थिन प्लेट स्प्लाइन या दुसऱ्या रूपांतराचा. त्यात सगळे बिंदू अगदी बरोबर बसलेले दिसतात आणि चूक शून्य दाखवली जाते. या शून्याला भुलायचं नाही. ही पद्धत चित्राला रबरासारखं ताणून प्रत्येक बिंदूतून नेतेच नेते, त्यामुळे दिलेल्या बिंदूंवर चूक शून्य येणं हा तिचा स्वभाव आहे, अचूकतेचा पुरावा नव्हे. पाच-सहा बिंदू रूपांतराला न देता बाजूला ठेवावेत, आणि चित्र ताणून झाल्यावर ते कुठे पडतात ते पाहावं. खरी चूक तीच.

बिंदू निवडताना या गावात एक अडचण हमखास येते. आगीतून वाचलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या वास्तू म्हणजे सी स्ट्रीटवरचं १८६७ चं प्रेस्बिटेरियन चर्च, डी स्ट्रीटवरचं गूल्ड अँड करी खाणीचं जुनं कार्यालय, ज्याला आज मकाय मॅन्शन म्हणतात, आणि त्याच रस्त्यावरचं सॅव्हेज खाणीचं कार्यालय. तिन्ही भरवशाच्या, पण तिन्ही गावाच्या दक्षिण अंगाला, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. फक्त यांच्यावर चित्र टांगलं तर दक्षिण बाजू पक्की बसते आणि उत्तर बाजू वाऱ्यावर सुटते. उत्तरेला वास्तूंऐवजी रस्त्यांचे चौक घ्यावेत : सी आणि सटन, बी आणि सटन, सी आणि युनियन. गाव जळालं तरी रस्त्यांची आखणी तीच राहिली. चौकाचा बिंदू रस्त्याच्या मधोमध देऊ नये, कारण चित्रात रस्ता फुगवलेला असतो. कोपऱ्यावरच्या इमारतीचा जमिनीला टेकलेला कोपरा घ्यावा. छपराचा कोपरा तर कधीच नाही; तो उंचीमुळे वर सरकलेला असतो आणि नकाशावर मागच्या रस्त्यात जाऊन पडतो.

प्रत खरी की पुनर्मुद्रित

सोन्या-चांदीच्या खाणींवर वसलेल्या गावांच्या चित्रांची पुनर्मुद्रणं विसाव्या शतकात भरपूर झाली आणि त्यांतली काही आता स्वतःच पन्नास वर्षांची जुनी, पिवळी पडलेली आहेत. पिवळेपणावरून निवाडा करू नये.

दहापटीचं भिंग घ्यावं आणि ते आकाशावर किंवा डोंगराच्या छायेवर ठेवावं, रेघांवर नव्हे. शिळाछापात छाया खडूची असते. दगडाच्या खरबरीत पृष्ठावर खडू फक्त उंचवट्यांना लागलेला असतो, म्हणून भिंगाखाली काळे ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, एकमेकांना कुठे चिकटलेले तर कुठे सुटलेले दिसतात. रांगोळीची पूड खडबडीत जमिनीवर भुरभुरावी तसे. ऑफसेटच्या प्रतीत ठिपके शिस्तीत ओळीने असतात, आणि रंगीत भागात निळे, किरमिजी, पिवळे ठिपके फुलासारखी वर्तुळं करतात. इंकजेटच्या प्रतीत ठिपके अनियमित असतात खरे, पण अतिशय बारीक आणि निरनिराळ्या रंगांचे. जी छाया नुसती काळी हवी तिच्यात निळसर-तांबूस कण दिसले की समजावं. घरी रविवर्मा छापखान्याची जुनी तसबीर असेल तर आधी तिच्यावर भिंग फिरवून डोळा तयार करावा, आणि मग बाजारातल्या आजच्या नकलेवर. फरक एकदा दिसला की विसरत नाही.

दुसरी खूण रंगछटेच्या दगडाची. त्या काळच्या अनेक चित्रांत काळ्या शाईच्या दगडाबरोबर आणखी एका दगडाने फिकट पिवळसर किंवा निळसर छटा छापलेली असते. दोन वेळा कागद दगडावर ठेवताना तो थोडा सरकतोच. आकाशाच्या कडेला, डोंगराच्या रेघेवर छटा केसभर बाहेर आलेली दिसली तर ती चांगली खूण. हाताने नंतर भरलेला रंग ओळखायला चिरा पाहाव्यात. कागद फाटल्यावर रंग लावला असेल तर तो चिरेच्या तंतूंत झिरपून गडद झालेला असतो. आधी लावला असेल तर चिरेच्या आतले तंतू कोरे असतात. विक्रेता मूळचा रंग म्हणत असला तरी तंतू खोटं बोलत नाहीत.

कागदाच्या कडेने आत दबलेली चौकट, म्हणजे ताम्रपटाची खूण, शिळाछापात नसते. ती दिसली तर प्रत भारी समजू नका. उलट कोणीतरी जुनेपणाचा देखावा केला आहे. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वापरात आलेली चकाकीची रसायनं आहेत आणि प्रश्न मिटला. चमकला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

शेवटी पट्टी. कागद कापलेला असू शकतो, म्हणून चित्राच्या चौकटीची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्यावी आणि संग्रहालयाच्या सूचीतल्या मापाशी ताडावी. जुना कागद दमटपणाने एका दिशेला किंचित कमीजास्त होतो, त्यामुळे थोडा फरक चालतो. पण दोन्ही दिशांना सारख्याच प्रमाणात लहान असेल तर ते छायाचित्रावरून केलेलं पुनर्मुद्रण.

सांभाळताना

ही चित्रं कार्यालयांत आणि दुकानांत भिंतीवर टांगण्यासाठी होती. बऱ्याच प्रतींना मागून कापड लावलेलं, वरून वॉर्निश मारलेलं आणि वर-खाली लाकडी दांडे. दांड्याला गुंडाळल्याने आडव्या भेगा पडतात, वॉर्निश तपकिरी होतं, आणि मागे लाकडी फळी असेल तर तिच्यातलं आम्ल कागदावर फळीच्या रेषांसकट उमटतं. वॉर्निश घरी काढायला जाऊ नये. त्याखाली हाताचा रंग असेल तर तो कापसाच्या बोळ्याबरोबर येतो, आणि एकदा गेलेला आकाशाचा रंग परत आणता येत नाही. हे काम कागद-संवर्धकाचं.

घरी करायचं ते इतकंच : चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन किंवा उष्णतेने बोर्डाला चिकटवणं कधीही नाही, फाटलेली जागा जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने जोडून घ्यायची, काच आणि चित्र यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याच्या माउंटचं अंतर ठेवायचं. प्रकाश पन्नास लक्सच्या आसपास. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर असं चित्र टांगू नये; भिंतीची ओल फ्रेमच्या पाठीतून शिरते, तांबूस डाग पडतात आणि खळीच्या वासाने कसर येते. आतल्या भिंतीवर, फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी.

तपासणी झाली की नोंद करावी. या प्रकरणात ती अशी होईल : चित्रकार ऑगस्टस कॉख, छपाई ब्रिटन, रे अँड कंपनी, सॅन फ्रान्सिस्को, छापील साल १८७५, चित्रण २६ ऑक्टोबर १८७५ पूर्वीचं, आधार फोर्थ वॉर्ड शाळा, नवं न्यायालय आणि सहा मजली हॉटेल यांचा अभाव, त्यापुढे आपल्या प्रतीच्या चौकटीचं माप, भिंगाखाली दिसलेली छपाई, रंग कधी भरला त्याचा अंदाज. ही नोंद वेगळ्या कागदावर लिहून फ्रेमच्या पाठीला पाकिटात ठेवावी. चित्राच्याच पाठीवर काही लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, आणि खाली कडक काच ठेवून, म्हणजे अक्षरांचा वळ पुढे डोंगराच्या आकाशात उमटणार नाही.